गळतोय तो केस तीन महिन्यांपूर्वीचा

प्रश्न : माझं वय 38. चार महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं, ऑपरेशन झालं. आतापर्यंत 27 किलो वजन उतरलंय, गुडघे दुखायचे थांबलेत, रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आलीय. पण गेल्या तीन-चार आठवड्यांपासून केस इतके गळताहेत की डोकं धुवायचीच भीती वाटते. म्हणून आता आठवड्यातून एकदाच धुते, आणि त्या दिवशी हातात पुंजकेच्या पुंजके येतात. चट्टा कुठेच नाही, पण भांग रुंद दिसायला लागलाय. प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, म्हणजे मुळासकटच उपटून येताहेत ना? मी ते एका डबीत साठवते आणि मोजते. परवा न्हायल्यावर 212 भरले. ऑनलाइन वाचून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू केल्यात. प्रोटीन पावडरच्या वासानेच मळमळतं, त्यामुळे ती बंद आहे. थोरली बहीण म्हणते, 'जाड होतीस तेच बरं होतं, निदान केस तरी होते.' सर्जनना सांगायची लाज वाटते. एवढं मोठं ऑपरेशन नीट पार पाडलेल्या माणसापुढे केसांचं रडगाणं काय गायचं? मला टक्कल पडेल का? ऑपरेशन करून चूक केली का? केस वाढायला टाळूवर लावतात ते मिनॉक्सिडिल लावू का? आणि केस रंगवले तर चालतील का?
– एक त्रस्त वाचक

उत्तर : टक्कल पडणार नाही. तुम्ही लिहिलंय ती गळती ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू झालेली, सगळ्या डोक्यावर सारखी पसरलेली आणि चट्टा नसलेली आहे. तिला वैद्यकात टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. हे नाव अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1961 मध्ये दिलं. बाळंतपणानंतर, टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर, अपघातानंतर किंवा कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर होते ती गळती हीच. पत्रावरून निदान पक्कं करता येत नाही, ते डॉक्टरांनीच करायचं. पण तुमचं पत्र वाचून मला दुसरं काही सुचत नाही.

आता त्या पांढऱ्या ठिपक्याकडे येऊ, कारण तुमची निम्मी झोप त्यानेच उडवलीय. डबीतला एक केस काढा आणि उजेडात धरा. टोकाला खसखशीएवढा, कोरडा, गोलसर पांढरा गोळा दिसेल. ते मूळ नव्हे. वाढ संपवून विश्रांतीला गेलेल्या केसाचं खालचं टोक तसं घट्ट होतं. केस तयार करणारा कारखाना, म्हणजे केसाचं बीजकोश, त्वचेच्या आत जागच्या जागी असतो आणि बहुतेक वेळा नव्या केसाच्या तयारीला लागलेला असतो. ज्या खुणेने तुम्ही घाबरलात, ती खरं तर दिलासा देणारी आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. एरवी शंभरातले दहा-पंधराच केस बसून असतात, म्हणून दिवसाला 50 ते 100 केस गेले तरी कुणाला कळत नाही. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीला लागलेल्या केसांपैकी बरेचसे एकदम काम थांबवतात. ते त्याच दिवशी गळत नाहीत, दोन-तीन महिने डोक्यावरच असतात. मग सगळे मिळून निघतात.

म्हणजे आज तुमच्या हातात येणारा केस ऑपरेशनच्या आसपासच वाढायचा थांबला होता. काल तुम्ही काय खाल्लं, कुठला शाम्पू वापरला, कितीदा विंचरलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्याला परत चिकटवणारं तेल, सीरम किंवा गोळी जगात नाही. हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण तुमच्या हातात आहे ते तीन महिन्यांनंतरचं डोकं. आज पोटात काय जातं आणि रक्ताच्या रिपोर्टात काय येतं, ते तिथे दिसणार आहे.

धक्का तरी कशाचा, असा प्रश्न पडेल. भूल आणि शस्त्रक्रिया हा एक. पण त्याहून मोठा म्हणजे एवढ्या झपाट्याने उतरलेलं वजन आणि एकदम आटलेलं खाणं. चार महिन्यांत 27 किलो ही शरीराच्या दृष्टीने आणीबाणीच. पगार निम्म्यावर आला की घरात आधी हौसमौज बंद होते, तसं शरीर हृदय, यकृत, स्नायू यांचं आधी बघतं. केस त्याच्या यादीत फार खाली. ऑपरेशन न करता कडक डाएटने किंवा इंजेक्शनने भराभर वजन उतरवणाऱ्यांचेही केस याच कारणाने गळतात.

ही गळती साधारण तीन ते सहा महिने चालते आणि मग आपोआप ओसरते. मधल्या काळात केस जाम विरळ होतात, ते मी नाकारत नाही, पण सगळं डोकं उघडं पडत नाही. परत यायला मात्र वेळ लागतो. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. कपाळाच्या कडेला आणि भांगाजवळ आखूड, उभे राहणारे केस दिसायला लागले की नवी फळी आली म्हणायची. वर्ष-दीड वर्षात डोकं भरलेलं दिसतं. केस खांद्याखाली लांब असतील, तर शेंड्यापर्यंत पूर्वीची जाड वेणी व्हायला त्याहूनही जास्त काळ जातो. 'तीन महिन्यांत घनदाट' असं लिहिलेली बाटली कुणी पुढे केली, तर गळती त्या तीन महिन्यांत तशीही थांबणारच होती, हे लक्षात ठेवा. या धंद्याची कमाई बरीचशी त्याच योगायोगावर चालते.

तुमच्या पत्रात मला खटकलेली गोष्ट केसांची नाहीच. प्रोटीन पावडर बंद आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि माझ्या मते सगळ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच. अशा ऑपरेशननंतर दिवसाला सहसा 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं सांगतात. तुमचा आकडा तुमच्या आहारतज्ज्ञाने सांगितला असेल तोच धरायचा. आता हिशेब करा. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, 200 मिली दुधात 6 ते 7. सध्या तुमचं पोट चार-सहा घासांत भरत असणार. नुसत्या जेवणातून 60 गाठायचे तर दहा अंडी खावी लागतील! म्हणून पावडर देतात.

मळमळीवर उपाय आहेत. ऑपरेशननंतर वासाची आणि गोडाची चव बदलणं फार जणांच्या बाबतीत होतं, आणि पूर्वी आवडणारी व्हॅनिला पावडर आता नकोशी वाटते. बिनवासाची, बिनगोडाची पावडर मिळते, ती मागा. ती गरम पातळ सूपमध्ये घालायची तर सूप थोडं निवल्यावर, नाहीतर गुठळ्या होतात. गार पेयात वास कमी येतो. दुधाचा व्हे सोसत नसेल तर सोयाची किंवा वाटाण्याची पावडर असते, आणि रसासारखी पातळ, पारदर्शक होणारीही असते. एकदम पेलाभर पिऊ नका, तासाभरात घोट घोट संपवा. जेवणात पहिले घास प्रथिनांचे: अंडं, मासा, चिकन, पनीर, डाळ, जे तुम्ही खाता ते. बाकीचं जागा उरली तर. पाणी जेवताना प्यायचं नाही, नंतर अर्धा तास थांबायचं. हे तुम्हाला सांगितलेलं असणारच, पण चार महिन्यांनी हा नियम हमखास ढिला पडतो.

नुसतीच मळमळ नसून उलट्या होत असतील, खाल्लेलं दिवसेंदिवस टिकत नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टरांना फोन करा. सतत उलट्यांनी शरीरातलं थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व, काही आठवड्यांत संपतं आणि त्याचा परिणाम मेंदू आणि नसांवर होतो. त्यापुढे केस ही फार किरकोळ बाब आहे.

दुसरा संशयित म्हणजे लोह. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढतात, आम्ल कमी होतं आणि लोह शोषलं जाणं अवघड होतं. वजनासाठीच करतात त्या जठराच्या बायपासमध्ये तर लोह जिथे सर्वांत जास्त शोषलं जातं तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच वाटेतून वगळला जातो. पाळी चालू असलेल्या बाईचं लोह दर महिन्याला जातं ते वेगळंच. इथे फसायला होतं ते असं, की हिमोग्लोबिन ठीक येतं आणि सगळे निर्धास्त होतात, पण साठा रिकामा होत आलेला असतो. साठा कळतो फेरिटिनने. म्हणून डॉक्टरांना फेरिटिनची तपासणी आवर्जून मागा. शिवाय बी12, फोलेट, ड जीवनसत्त्व, झिंक आणि थायरॉइडसाठी टीएसएच. यातल्या काही तपासण्या तुमच्या नेहमीच्या फेरीत होणारच असतील, तेव्हा वेगळं सुईने टोचून घ्यायची गरजही पडणार नाही.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत असाल तर आजपासून वेगळी करा. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं, कारण कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. लोहाच्या गोळीच्या जवळपास चहा-कॉफीही नको. बरेच जण सकाळी 'एकदाचं उरकून टाकू' म्हणून सगळ्या गोळ्या एका मुठीत गिळतात, आणि मग सहा महिन्यांनी फेरिटिन का वाढलं नाही याचं आश्चर्य करत बसतात. चघळायच्या गोड गमी गोळ्यांवर भिस्त ठेवत असाल तर डबीवरचा मजकूर वाचा. त्यांत बहुधा लोह नसतंच.

आता बायोटिन. केसांसाठी याचा एवढा गवगवा आहे की गोळी घेतली नाही तर आपणच स्वतःची हेळसांड करतोय असं वाटतं. पण बायोटिनची खरीखुरी कमतरता विरळाच आढळते, आणि ऑपरेशननंतर दिलेल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते सहसा असतंच. कमतरता नसलेल्या माणसाचे केस जास्त बायोटिनने वाढतात याला चांगला पुरावा नाही. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, घ्या बापडी. पण मोठ्या डोसच्या बायोटिनने रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. टीएसएच खोटं कमी दिसू शकतं, आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तुम्हाला तर आता थायरॉइड तपासायचंय. तेव्हा त्या गोळ्या थांबवा, आणि रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा की आपण त्या घेत होतो. किती दिवस आधी बंद हव्यात ते डोसावर अवलंबून असतं, तेच सांगतील.

उद्या कुणीतरी झिंक सुचवेल, म्हणून आधीच सांगते. झिंक कमी असेल तर केस गळतात हे खरं. पण मनाने मोठा डोस महिनोन् महिने घेतला तर शरीरातलं तांबं घटतं, त्याने रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. म्हणून झिंक देताना डॉक्टर सोबत तांब्याचाही हिशेब ठेवतात. 'अ' जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची तर अजूनच गंमत आहे. ती जास्त झाली की केस गळतात! रिपोर्ट येईपर्यंत नवीन काहीही सुरू करू नका.

मिनॉक्सिडिलचं उत्तर सध्या तरी नाही असंच आहे. ते लावायला घेतल्यावर पहिले काही आठवडे गळती उलट वाढू शकते, आणि आत्ताच्या मनःस्थितीत तुम्हाला ते झेपणार नाही. शिवाय जी गळती आपोआप थांबणार आहे तिच्यासाठी रोजचं एक लेप लावायचं काम कशाला मागे लावून घ्यायचं? याला एक अपवाद आहे. काही बायकांच्या घराण्यात भांगाजवळ केस विरळ होत जाण्याची प्रवृत्ती असते, आणि अशा गळतीत ती उघडी पडते. गळती थांबून सहा-आठ महिने झाले तरी भांग भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मिनॉक्सिडिलचा विचार तेव्हा, त्यांच्या सल्ल्याने.

काही खुणा दिसल्या तर तेवढंही थांबू नका. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, टाळूवर लाली, खपल्या किंवा दुखणं, भुवयाही विरळ होणं. गळतीबरोबर धाप, कमालीचा थकवा, पायांना सूज, हातापायांत बधिरपणा. आणि गळती सहा महिन्यांहून जास्त लांबली किंवा एकदा थांबून वर्षभराने पुन्हा सुरू झाली तर ती ऑपरेशनच्या धक्क्याची समजायची नाही. तेव्हा कुठलं तरी पोषण कमी पडतंय असं धरून शोध घ्यावा लागतो.

आठवड्यातून एकदाच डोकं धुण्याबद्दल. धुण्याने केस गळत नाहीत, सुटलेले केस फक्त निघून येतात. तुमच्या 212 मध्ये त्या एका दिवसाचे केस किती आणि आधीचे सहा दिवस डोक्यातच अडकून राहिलेले किती? एरवीही दिवसाला 50 ते 100 जातात, त्याला सातने गुणा. मग तो आकडा कशाचा पुरावा उरतो? एक दिवसाआड धुवा, पुंजके लहान होतील आणि छातीत धस्स व्हायचं कमी होईल. ओले केस ओढून विंचरू नका, रुंद दातांचा कंगवा घ्या. घट्ट बांधणं, गरम इस्त्री, सरळ करून घेण्याची रसायनं हे सगळं यंदा राहू द्या. शाम्पू कुठलाही चालेल. आणि ती डबी रिकामी करा, आजच.

दिसण्यासाठी एक सुचवते. केस आखूड कापून घ्या. लांब, विरळ केस टाळूला चिकटून बसतात आणि भांग आणखी रुंद दिसतो. हनुवटीपर्यंत कापले की तेच केस उचलून येतात. भांग बाजूला घ्या किंवा नागमोडी पाडा. टाळू झाकायला केसांच्या रंगाचे बारीक तंतू मिळतात, भांगावर भुरभुरायचे, धुतले की जातात. बांधवत असेल तर स्कार्फ बांधा. यात लपवाछपवी कसली?

सर्जनना सांगायची लाज वाटते, हे वाचून मात्र मला वाईट वाटलं. अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाने गळतीची तक्रार ऐकली नसेल, हे अशक्य. त्यांच्या लेखी ती तुमच्या खाण्यापिण्याची खबर आहे. तुम्ही सांगितली नाही तर पावडर बंद असल्याचंही त्यांना कळणार नाही. फोनवर दोन वाक्यं पुरेत: केस महिन्याभरापासून खूप गळताहेत, आणि प्रथिनं ठरल्याइतकी जात नाहीयेत. पुढचे प्रश्न तेच विचारतील.

आणि रडगाणं म्हणाल, तर गा की. जो भेटतो तो 'काय बारीक झालीस!' म्हणतो, आणि बोलता बोलता त्याची नजर भांगाकडे जाते, ती तुम्हाला दिसते. वजन उतरल्याचा आनंद आणि केसांचं दुःख एकाच आरशात बघायचं म्हणजे सोपं नाही. आपणच मागून घेतलेल्या ऑपरेशनबद्दल कुरकुर करायची नाही, असा एक अलिखित नियम अशा बायका स्वतःला लावून घेतात. तो कुणी केला, मला ठाऊक नाही. मोडून टाका.

बहिणीच्या बोलण्याला मी कुजकं म्हणणार नाही. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले तुमचे केस तिनेही पाहिले असतील आणि तीही घाबरली असेल. पण तेच वाक्य तुम्हाला दर भेटीत ऐकायचं नाहीये. तिला एकदा शांतपणे सांगा, 'ताई, हे ऑपरेशननंतर होतंच, वर्षभरात केस येतील. तोवर माझ्याकडे त्यांचा विषय काढू नकोस.' वर तिला एखादं काम द्या. बिनवासाची पावडर शोधून आणणं हे चांगलं काम आहे.

ऑपरेशन करून चूक केली का, याचं उत्तर तुमच्याच पत्रात पहिल्या चार ओळींत आहे: गुडघे, रक्तदाब. केसांसाठी ते परत द्याल का, असं मी विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात हे मी ओळखू शकते. मला भीती आहे ती वेगळीच. गळतीला घाबरून काही जण 'अंगात ताकद हवी' म्हणत गोड, मऊ, सहज उतरणारं खायला लागतात. त्यातून वजन फिरतं आणि प्रथिनांचा तुटवडा जिथल्या तिथे राहतो.

राहता राहिला रंग. चालेल. रंग केसाच्या दांड्याला लागतो, बीजकोशापर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्याने गळती वाढणार नाही. ब्लीच तेवढं टाळा, त्याने आधीच मोजके उरलेले केस मधेच तुटतात. पूर्वी कधी त्रास झाला नसला तरी कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस वाट बघा, टाळूवर ओरखडे किंवा खाज असेल तर ती बरी होऊ द्या. आणि शक्य असेल तर टाळूच्या रंगाच्या जवळ जाणारी, थोडी फिकट छटा घ्या, भांग कमी उठून दिसतो.